तेरणेच्या पुराला वरातीची हलगी

मंडळी, तेरणाकाठच्या गावांचा पुराचा इशारा बदलला आहे, असं तहसीलदारांनी आज दुपारी सांगितलं.

सकाळी माकणी गावात पुराचा सराव होता. हलगी ऐकताच टेकडीवर जायचं ठरलेलं. वरच्या गावाची हलगी धुक्यातून तरंगत आली, इतकी गोड, की निम्मं गाव झोपेतल्यासारखं नदीकडंच निघालं.

"कुणाची वरात हो?" रहीमचाचांनी विचारलं.

काठावर घर असलेल्या कोंडाबाई भडकल्या. "वरात न्हाय चाचा, पूर हाय! खरा असता तर समदे गेलो असतो."

आता देवळाची घंटा आणि दर्ग्याचा नगारा एकदम वाजणार. असं एरवी कधीच वाजत नाही. तुमच्या गावात काय वाजलं तर तुम्ही पळाल?

उद्या उजाडताच पुन्हा सराव आहे. या वेळी सगळ्यांची पाठ नदीकडं असायला हवी.