वाळवणातली कॅसेट

जवळ ये जरा, प्राची. कागदातून जितकं जवळ येता येईल तितकी ये आणि कानात खुपसलेलं ते काढून ठेव. काल फोनवर किती सहज म्हणालीस, "काकू, बाबांच्या कॅसेटची दोन खोकी आहेत, रविवारी भंगारवाल्याला देऊन टाकते. गाणी काय, सगळी फोनवर आहेतच." तेव्हा मी फोन आवरता घेतला, कारण गॅसवर कुकर होता आणि राग आला की मी शिट्ट्या मोजायची विसरते. आता निवांत बसून रागावते. माझी शाळा सातवीपर्यंतची, तेव्हा काना-मात्रा चुकली तर सोडून दे. मुद्दा मात्र सोडू नकोस.

येरवड्यातली आमची अख्खी कॉलनी तुझ्या बाबांना रिवाइंड भाऊजी म्हणायची, हे तुला ठाऊक आहे. का म्हणायची, ते तू विसरलीस. टेपरेकॉर्डरवर कॅसेट मागे फिरवली की मोटार झिजते, असा त्यांचा ठाम समज. म्हणून सरकारी कारकून असूनही खिशात पेन नाही, सहा कडांची पेन्सिल. ती कॅसेटच्या भोकात घालायची आणि गरागरा फिरवत बसायचं. बसस्टॉपवर, रॉकेलच्या रांगेत, आणि एकदा माझ्या नणंदेच्या मुलीच्या साखरपुड्यात, अगदी पहिल्या रांगेत. मुलाच्या वडिलांनी जपून विचारलं, हे काय चाललंय? तर म्हणाले, "सुरुवातीला नेतोय. मधूनच कसं ऐकायचं? आपण पाहुण्याच्या घरी खिडकीतून शिरतो का?" सोयरीक टिकली हे नशीब.

आणि ऐकायचे काय, तर रॉक. आमच्या कॉलनीत सकाळी बुद्धवंदना, दुपारी रेडिओ, आणि संध्याकाळी साडेसहाला भाऊजी कचेरीतून आले की विजेच्या गिटारी. कोरेगाव पार्कात राहणारे परदेशी पाहुणे घरी परतताना सामान विकून टाकायचे, ते फिरत फिरत जुन्या बाजारात यायचं. तिथे त्यांना हा बँड सापडला. कुठल्याशा थंडगार बेटावरची चार पोरं आणि एक पोरगी. नाव असं की उच्चारताना माझी कवळी हलते, म्हणून आम्ही दोघं त्यांना नुसतं 'आपली मंडळी' म्हणायचो. पहिल्याच दिवशी आमच्या ह्यांनी भिंतीपलीकडून आवाज दिला, "अहो रिवाइंड, गाणं आहे का नळाला हवा आलीय?" भाऊजींनी आवाज थोडा वाढवला. उत्तर म्हणून तेवढं पुरे होतं.

कॅसेटच्या डबीत मुंगीएवढ्या अक्षरांचा एक घडीचा कागद होता. भिंग आणि डिक्शनरी घेऊन ते आठ दिवस त्याच्याशी झगडले आणि एका संध्याकाळी चप्पल न घालताच माझ्या दारात आले. "वहिनी, जातं!" मला वाटलं, कोणी गेलं. मग कळलं ते असं, की त्या कॅसेटमधलं तिसरं गाणं त्या पोरीच्या आजीचं. आजी त्या बेटावर पहाटे जात्यावर धान्य दळायची आणि दळताना हे म्हणायची. पोरीने तेच उचललं आणि खाली ड्रम लावला. भाऊजींचे डोळे असे चमकत होते, जणू ती आजी त्यांच्याच गावची निघाली.

आता जात्याचं म्हणशील तर तिथे मी शिकलेली. आईबरोबर खुंट्याला हात लावून मी वाढले. मी ते गाणं मांडी घालून, नीट, पहिल्यापासून ऐकलं आणि सांगितलं, भाऊजी, गाणं खरं आहे, पण घाई झालीय. या वेगाने दळलं तर पीठ नाही, भरड पडेल, आणि बाईचा खांदा निखळेल तो वेगळाच. त्यांना हे इतकं लागलं की चार दिवस ते माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलले. पाचव्या दिवशी म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. पण आता त्यांना सांगणार कोण?"

त्या गाण्याची आमच्याकडे तीन रेकॉर्डिंग जमली, आणि आमची भांडणं त्यावरच. पहिलं त्यांनी एका गवताच्या कोठारात केलेलं. मधेच कुत्रं भुंकतं आणि पोरगी गाता गाता हसते. दुसरं मोठ्या शहरातल्या स्टुडिओतलं. कुत्रं गायब, हसू गायब, खाली शंभर व्हायोलिनं. भाऊजी म्हणायचे, "याला इस्त्री केलीय. आत माणूस नाही." तिसरं मैदानातलं, हजारो लोकांपुढचं. मला ते आवडायचं, कारण शेवटच्या कडव्यात तिला दम लागतो आणि लोक तिचं गाणं उचलून धरतात. दळणाऱ्या बाईचा दम गेला की समोरची ओवी पुढे नेते, तसंच. पण भाऊजींचा जीव कुत्र्यात. त्यांच्या मते जे रेकॉर्डिंग करताना कोणालाच थांबवावंसं वाटलं नाही, तेच खरं.

चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत ते हलगीवाल्यांच्या पुढे टेपरेकॉर्डर बाळासारखा छातीशी धरून उलटे चालले होते, आठवतं? तू आईचा हात धरून लाजेने लाल झाली होतीस. घरी येऊन त्यांनी हलगी आणि आपल्या मंडळींचा ड्रम पाठोपाठ लावला. मला म्हणाले, ठेका सारखा आहे. आमचे हे म्हणाले, डोकं दुखायचंही सारखंच आहे.

आता माझा गुन्हा सांगते. त्या उन्हाळ्यात तुम्ही आठ दिवस आजोळी गेला होता, किल्ली माझ्याकडे. केर काढायला गेले तर गेल्या पावसाळ्याची पांढरी बुरशी भाऊजींच्या कॅसेटवर. लोणच्याच्या बरणीपासून गादीपर्यंत ज्याला ज्याला बुरशी येते त्याला ऊन दाखवायचं, एवढं मला कळतं. गच्चीवर कुरडया घातल्याच होत्या. त्यांच्या शेजारी जुनं लुगडं पसरलं आणि कॅसेट ओळीने मांडल्या. कावळ्यांसाठी काठी ठेवली. दुपारी उलटवल्यासुद्धा, दोन्ही बाजूंनी वाळायला हव्यात म्हणून. कुरडया अशा सुरेख झाल्या त्या वर्षी!

बाकीच्या निभावल्या. कोठारातली, कुत्र्याची, तेवढी वाकली. भाऊजींनी आल्यावर ती लावली. गाणं ओढत ओढत, डुलत डुलत येत होतं. त्या पोरीचा आवाज घोगरा झाला होता. कुत्रं तर म्हाताऱ्या बैलासारखं हंबरलं. मी पदराआडून वाळवणाचं सगळं सांगून टाकलं. दुसरी मिळणार नव्हती. भाऊजी डोळे मिटून बसले. गाणं संपलं, त्यांनी पेन्सिल काढली, शांतपणे सगळं मागे नेलं, पुन्हा लावलं. मग त्यांचा उजवा हात उठला आणि हवेत गोल फिरायला लागला, खुंटा धरल्यासारखा.

"वहिनी," ते म्हणाले, "आता पीठ पडतंय."

त्या दिवशी आम्ही दोघं इतके हसलो की आमचे हे गच्चीतून खाली बघायला आले, काही फुटलं का म्हणून. पुढे तू आयटीत लागलीस आणि पहिल्या पगारातून बाबांना त्याच बँडची चकचकीत सीडी आणलीस. तुझ्यासमोर त्यांनी ती कौतुकाने ऐकली. तू गेल्यावर माझ्याकडे आले आणि हळूच म्हणाले, "बिघडलेली निघाली. फार पळते. पोरीला सांगू नका."

मग तुम्ही वाकडला फ्लॅट घेतलात. सामान बांधताना भाऊजी टेपरेकॉर्डर माझ्या ओट्यावर ठेवून गेले आणि कॅसेटची खोकी टेम्पोत चढवली. मी म्हटलं, अहो, हे काय अर्धं अर्धं? म्हणाले, "दोन्ही एका घरात असलं तर मी इथे कशाला येईन?" आणि खरंच, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन बस बदलून यायचे. शर्टाच्या खिशात एक कॅसेट आणि पेन्सिल. गेल्या वर्षी ते गेले, तेव्हापासून यंत्र फडक्याखाली झाकलेलं आहे. पुसते मात्र रोज.

आता जे काल फोनवर सांगायला हवं होतं ते. त्या वाकलेल्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला शेवटी थोडी कोरी फीत होती. भाऊजींनी पाठीवरची, नवं रेकॉर्डिंग अडवणारी खाच चिकटपट्टीने बुजवली आणि मला स्वयंपाकघरातच बसवून आईच्या ओव्या म्हणायला लावल्या. मी तिसऱ्या ओवीत, आणि कुकरने शिट्टी दिली. मी थांबले. तेव्हा तुझे बाबा त्यात बोललेत, स्पष्ट ऐकू येतं: "असू द्या, वहिनी, म्हणत राहा. हाच आपला कुत्रा." आणि हसलेत. खूप वेळ हसलेत. पुढच्या दोन ओव्या त्या हसण्याखालीच आहेत.

तू मागे रडत म्हणाली होतीस ना, बाबांचे फोटो ढीगभर आहेत, पण आवाज कुठेच नाही? तो त्या खोक्यात आहे. डबीवर त्यांनी पेन्सिलीने 'वाळवण' लिहिलंय, ते बघून तू पाककृती समजशील, म्हणून सांगते.

तेव्हा भंगारवाल्याला नाही म्हण आणि रविवारी सरळ इकडे निघ. दोन्ही खोकी आण, वाकलेली वेगळी पर्समध्ये ठेव, गाडीत उन्हाला ठेवू नकोस, तो अनुभव माझा झालेला आहे. पेन्सिल आहे माझ्याकडे. कुरडया तळते, तू फक्त लवकर ये. आणि आलीस की आधी ती मागे फिरवायची, बरं का, पार पहिल्यापर्यंत.