येण्याचं कारण

प्रिय अन्वी आणि ईशान,

चिंचवडचं घर सोडलं त्या दिवशी कळलं, की आमच्याकडे बाहेरून लावायला कुलूपच नाही. घरात कोणीच नाही असं कधी झालं नव्हतं. शेवटी शेजारच्या झुबेदाच्या नवऱ्याने आपल्या गॅरेजचं कुलूप आणून दिलं. माझ्या सासूबाई म्हणायच्या, "दारात आलेल्याला पाणी विचारावं, काम विचारू नये." त्यांच्यामागे त्या दारात 'ये' म्हणणारी मी होते.

आता वाकडला चौदाव्या मजल्यावर एकटी राहते. फ्लॅट तुमच्या बाबाचा, म्हणून गेटच्या ॲपवर मालक तोच. माझ्याही मोबाईलवर ॲप आहे. कोण आलं ते दिसतं. परवानगी देता येत नाही.

ईदच्या दुसऱ्या दिवशी झुबेदा शीरखुर्म्याचा डबा घेऊन आली. वॉचमनने येण्याचं कारण विचारलं. ती म्हणाली, बसायला आले. ॲपच्या यादीत 'बसायला' नव्हतं. हातातला डबा बघून त्याने 'डिलिव्हरी' दाबलं. तिकडे तुमच्या शहरात ऑफिसला निघालेल्या तुमच्या बाबाने, आपण काही मागवलं नाही म्हणून, नकार दिला.

मी खाली गेले. वॉचमन माझ्याकडे न बघता म्हणाला, "आजी, तिकडून होय आल्याबिगर सोडलं तर माझी ड्युटी जाती. कॅमेरा माझ्यावरबी हाय."

झुबेदाने डबा माझ्या हातात दिला. "वहिनी, तुमच्या लेकाला कडेवर घेऊन फिरलीय मी. आता त्योच मला आत घेईना व्हय?" हसत म्हणाली, आणि रिक्षाला हात केला. त्यानंतर ती आलेली नाही.

बाबाला फोनवर म्हटलं, ॲपमध्ये माझा नंबर घाल. "आई, तुझ्या सुरक्षेसाठीच आहे ते. तुला कशाला ती कटकट?" त्याला ए-बी-सी-डी मी गिरवायला शिकवली. आज माझ्या दारात कोणी यावं हे तो ठरवतो, तेही मायेने, त्यामुळे भांडता येत नाही. पूर्वी घरात हुकूम चालवणारा माणूस डोळ्यांसमोर असायचा. त्याच्यावर रुसता यायचं. ही यादी कोणी केली, ते वॉचमनला ठाऊक नाही आणि बाबालाही नाही. रुसायचं कोणावर?

सुट्टीत तुम्ही याल तेव्हा तुमची नावंही बाबाच्याच मोबाईलवर जातील. मी गेटबाहेर, रिक्षा थांबतात तिथे उभी असेन. सामान वर ठेवलं की आपण चिंचवडला जाऊ. झुबेदाचा डबा अजून माझ्याकडे आहे, आणि रिकामा डबा परत द्यायचा नसतो. करंज्या भरून नेऊ.

तिच्या दारात कारण सांगावं लागत नाही.

तुमची आजी