गुण्या मिस्त्री आणि दोन बोटांची फट

गुण्या म्हणजे लोखंडाची ती काटकोनी पट्टी, जी कोपऱ्याला लावली की कोपऱ्याचं खरंखोटं बाहेर पडतं. मिस्त्रीला हे टोपणनाव कोणी दिलं ते आता कोणालाच आठवत नाही, पण देणाऱ्याची नजर चांगली होती. लोखंडी दारंखिडक्या करण्यात तीस वर्षं काढलेला हा माणूस कोणाकडे पाहुणा म्हणून गेला, की यजमानाच्या आधी दाराकडे बघायचा. दार आणि चौकट यांच्यामध्ये उजेडाची रेघ दिसली, की संपलंच. मग त्या घरातली आजारपणं, लग्नं, परीक्षा सगळं बाजूला राहायचं आणि फटीवर व्याख्यान सुरू व्हायचं. हळूहळू लोकांनी त्याला बोलावणं कमी केलं. त्याला वाटायचं, बिचारे लाजतात.

त्याच्या स्वतःच्या दारांची परीक्षा ठरलेली होती. वर्तमानपत्राचा कागद मध्ये धरायचा, दार लावायचं आणि कागद ओढायचा. कागद फाटला तर दार पास, निघून आला तर नापास. गिऱ्हाइकं तोंडात बोटं घालायची. कागद फाटण्याचा रोजच्या राहणीत नेमका काय उपयोग, हे विचारायचं धैर्य कोणाला झालं नाही.

या माणसाची बायको गुरांची डॉक्टर होती. डोंगरावरच्या वस्त्यांवर जाऊन गाईम्हशी तपासायच्या, टोचायच्या, अडलेल्या सोडवायच्या, हे तिचं काम. पंचवीस वर्षं ती ते करत होती आणि तिला ते मनापासून आवडायचं. कचेरीनं तिला डोंगरवाटांसाठी एक बग्गी दिली होती: शेजारीशेजारी दोन सीटा, जाड टायर, डोक्यावर पाइपांचा सांगाडा आणि बाजूंना काहीही नाही. कचेरीच्या कागदावर या गाडीला ‘सर्व ऋतूंत उपयुक्त’ म्हटलं होतं. लिहिणाऱ्यानं ती बहुधा एकाच ऋतूत आणि तीही छपराखाली पाहिली असावी.

त्या उघड्या गाडीतून जाऊन डॉक्टरीणबाईंना दोन हिवाळ्यांत दोनदा न्यूमोनिया झाला. छातीच्या डॉक्टरांनी बजावलं, गार वारा यापुढे वर्ज्य. साहेबांचा स्वभाव तर फारच कनवाळू. ते म्हणाले, “बाई, तिसऱ्यांदा आजारपणाची रजा पडली, तर मी तुम्हाला खुर्चीच देतो. हीटरशेजारी बसा, दाखल्यांवर शिक्के मारा.”

“शिक्केच मारायचे असते तर मी पोस्टात गेले असते,” ती घरी येऊन नवऱ्याला म्हणाली. “अहो, थंडीच्या आत गाडीला दारं बसली पाहिजेत. नाहीतर माझा डोंगर सुटला.”

तिनं एक जाहिरातीचं पत्रकही आणलं होतं. जाड कापडाची तयार दारं, समोर पारदर्शक पडदा, बाजूला झिप. मिस्त्रीनं ते पत्रक दोन बोटांत, मेलेला उंदीर धरावा तसं धरलं.

“झिप? दार आहे की पँट? मी जिवंत असताना माझी बायको तंबूत बसून फिरणार?”

पंधरा दिवसांत करून देतो, असा शब्द त्यानं दिला आणि त्याला जागून तीन महिन्यांत काम पूर्ण केलं. रविवारी आणि कामावरून ती परतल्यावर गाडी त्याच्या ताब्यात. चार ठोकळ्यांवर ती उभी करायची, पाणसळ लावायची, बुडबुडा मधोमध आला की श्वास रोखून माप घ्यायचं. पुठ्ठ्याचे साचे इतके कापले, की घरात बसायला जागा उरली नाही. समोरच्या सीटकव्हरवाल्याचं आयुष्य गाड्यांमध्ये गेलेलं. तो एकदा रस्ता ओलांडून आला आणि बराच वेळ बघत राहिला.

“मिस्त्री, हे घर नाही हं. खड्ड्यात चाक गेलं की अख्खा सांगाडा पिळवटतो. चारी बाजूंनी दोन बोटं जागा सोडा, वरून मी रबराची झालर लावून देतो.”

“झालर बाळाच्या टोपीला लाव,” मिस्त्री म्हणाला. “तीस वर्षांत माझ्या दाराला फट राहिलेली नाही.”

“घरं खड्ड्यात जात नाहीत मिस्त्री,” असं म्हणून तो आपल्या दुकानात परतला.

अखेर केबिन तयार झाली. पत्र्याची दारं, मागची बाजूही पत्र्यानं बंद. समोर आणि खिडक्यांना प्लास्टिकची जाड काच, हातोड्यानंही न फुटणारी. खिडक्या सरकत्या नाहीत, कारण सरकतं म्हटलं की फट आली. मिस्त्रीनं दारात वर्तमानपत्र धरलं, दार लावलं आणि कागद टर्रकन फाटला. गल्लीनं टाळ्या वाजवल्या. डॉक्टरीणबाई खरंच खूश झाल्या. आत बसून त्या हसून म्हणाल्या, “अहो, बाहेरचं काहीच ऐकू येत नाही की.” मिस्त्रीच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

दुसऱ्याच सकाळी वरच्या वस्तीवरून निरोप आला, गाय अडलीय. मिस्त्रीही निघाला. बायकोला दार कसं वापरायचं ते समजावून सांगायला म्हणाला. पंचवीस वर्षं संसार करून तिला दार उघडता येत नसेल, अशी त्याला शंका असावी. खरं म्हणजे त्याला कौतुक ऐकायचं होतं. तासभर ते मिळालंही. वारा नाही, धूळ नाही, मागच्या इंजिनाची ऊब. बाई एकदाही खोकल्या नाहीत.

गोठा तीस पावलांवर राहिला असताना पुढचं डावं चाक दगडावर चढलं आणि मागचं उजवं घळीत उतरलं. गाडी वेडीवाकडी होऊन थांबली. चाकं जागीच फिरायला लागली. बाईंनी इंजिन बंद केलं, पिशवी उचलली आणि दाराचा खटका ओढला. दार हललं नाही.

मिस्त्रीनं आपल्या बाजूचं ओढून पाहिलं. तेही हललं नाही. त्यानं खांदा दिला, मग दोन्ही पाय लावले. सांगाडा पिळवटला होता आणि दारं चौकटीत पाचरीसारखी बसली होती. अशी घट्ट दारं त्या डोंगरावर यापूर्वी कोणी पाहिली नसतील.

“काच फोडा,” बाई म्हणाल्या.

“ती फुटत नाही,” मिस्त्री म्हणाला. आदल्या दिवशी हेच वाक्य त्यानं केवढ्या अभिमानानं म्हटलं होतं.

गाईची मालकीण म्हातारी धावत आली. ती काहीतरी ओरडत होती. तिचं तोंड हलताना दिसत होतं, ऐकू काहीच येत नव्हतं. बाई आतून ओरडल्या, तेही बाहेर गेलं नाही. दोघांच्या श्वासानं काचा धुरकटल्या. बाई बाहीनं काच पुसायच्या, हातांनी खुणा करायच्या, चाक उचला, चाक. काच पुन्हा धुरकट व्हायची. अखेर म्हातारीला समजलं आणि ती जावयाला पहारीसकट बोलावून घेऊन आली.

“पहार दाराला लावू नका म्हणावं, रंग...” मिस्त्री बोलून गेला. बायकोनं त्याच्याकडे पाहिलं आणि त्याचं वाक्य तिथेच संपलं.

पंचवीस मिनिटं गेली. घळीतल्या चाकाखाली पहार घालून जावयानं गाडी थोडी उचलली, सांगाडा सरळ झाला आणि बाईंचं दार हलक्या हातानं, काही झालंच नसल्यासारखं, उघडलं. त्या धावत गोठ्यात गेल्या.

गाय वाचली. वासरू वाचलं नाही.

बाई हात धूत असताना म्हातारी मिस्त्रीजवळ आली. ती रागावलेली नव्हती, हेच त्याला जास्त लागलं. “बाई वेळेवर आली होती,” ती म्हणाली. “दारानं उशीर केला.”

परतताना बाईंनी एकेक खड्डा चुकवत गाडी चालवली. मिस्त्रीला शरम वाटत होती आणि तिच्याहून मोठी भीती. बायको एकटी असती तर? वर वस्तीच नसती तर? त्यानं आपल्या बायकोला डब्यात बंद करून वरून झाकण घट्ट लावलं होतं आणि शेजाऱ्यांकडून टाळ्या घेतल्या होत्या.

सकाळी तो उठला तेव्हा बाई पाना घेऊन दारं उतरवत होत्या. दोन्ही दारं भिंतीला टेकवून, मफलर गुंडाळून त्या उघड्या गाडीतून कामावर गेल्या. चौथ्या दिवशी खोकला सुरू झाला. सहाव्या दिवशी साहेबांचा फोन आला, तब्येत कशी आहे, खुर्ची पुसून ठेवलीय. माणूस खरंच कनवाळू होता.

“रविवारी गाडी दे,” मिस्त्री म्हणाला.

“एक दिवस,” ती म्हणाली. “तीन महिने नाहीत. संध्याकाळी गाडी मला दारात उभी पाहिजे.”

रविवारी उजाडल्याबरोबर मिस्त्रीनं रस्ता ओलांडला. सीटकव्हरवाला अजून दात घासत होता.

“तुझी ती झालर,” मिस्त्री जमिनीकडे बघत म्हणाला, “किती रुंदीची मिळते?”

सीटकव्हरवाल्याला भाव खायची एवढी सुरेख संधी जन्मात मिळाली नव्हती. पण त्यानं वहिनींचा खोकला रस्त्यापलीकडून ऐकला होता. त्यानं चूळ भरली आणि कात्री घेऊन आला.

या वेळी मिस्त्रीनं पाणसळ काढलीच नाही. एका चाकाखाली दोन ठोकळे सरकवले, समोरच्या कोपऱ्यातलं चाक गटाराच्या कडेवरून खाली सोडलं, गाडी होईल तेवढी वाकडी केली आणि वाकडं माप घेतलं. मग दाराच्या कडा यंत्रानं कापायला घेतल्या. तीन महिने घासूनपुसून जुळवलेल्या कडा. दर कापाला त्याचा चेहरा असा व्हायचा, की सीटकव्हरवाल्यानं दोनदा पाणी विचारलं. चारी बाजूंना दोन बोटं जागा सुटली, वरून जाड रबराची झालर आली. खटका काढून आतून ओढायचा पट्टा लावला. शेवटी बाजूची काच कापून पारदर्शक पडदा बसवला आणि त्याला झिप. सीटकव्हरवाला पँटबद्दल काहीतरी बोलणार होता, पण त्यानं शिवणावर लक्ष दिलं.

अंधार पडायच्या आत गाडी दारात उभी होती. बाईंनी ती तशीच वाकडी असताना दहा वेळा दार उघडलं आणि दहा वेळा लावलं. मग झिप खाली ओढून त्यांनी डोकं बाहेर काढलं. “आलं तुमच्या लक्षात,” त्या म्हणाल्या. गोठ्यावरच्या त्या दिवसानंतरचे त्यांचे पहिले गोड शब्द.

हिवाळा गेला. झालरीतून थोडी धूळ यायची, वारा किंचित शीळ घालायचा, पण खोकला आठवड्यात थांबला आणि रजा पडली नाही. खुर्चीवर साहेबांनी शेवटी फायली रचल्या. मिस्त्री सुधारला, असं मात्र समजू नये. महिन्याभरातच तो दुकानात येणाऱ्यांना सांगायला लागला, की फट बुजवणं कोणालाही जमतं, फट ठेवायला अक्कल लागते. सीटकव्हरवाला समोरून ऐकायचा आणि कपाळाला हात लावायचा.

एका दुपारी एक गिऱ्हाईक आलं. त्याच्याकडेही तशीच बग्गी होती. तुमचं नाव ऐकून आलोय म्हणाला, कागद शिरणार नाही अशी दारं पाहिजेत. मापं त्यानं लिहूनच आणली होती, अगदी सुतासुताची. मिस्त्रीनं कागद घेतला आणि न बघताच टेबलावर पालथा ठेवला.

“मापाचं नंतर बघू,” तो म्हणाला. “आत कोण बसणार आहे, ते आधी सांगा.”