अर्धा ओढलेला गॅस

फ्रीज उघडण्याआधी ती दाराला कान लावायची. चहा घेण्याआधी हात हुंगायची. तेलाचा वास आला तर पुन्हा धुवायची. चष्मा डोक्यावर ठेवून सगळ्या दुकानाला चष्मा शोधायला लावायची. सिलिंडरवर कुणी टेकलं की ओरडायची, "ऊठ, तो काय पाट आहे?" कुठे फुस्स आवाज झाला की आधी शिवी, मग मान वर.

दुकानात हाताखाली काम करणारा धाकटा दीर वहिनी म्हणायचा, म्हणून सगळी गल्ली वहिनी म्हणायची. तिच्या फ्रीजदुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत मी भाड्याने राहतो. मी सदा वाचत बसलेला, म्हणून मला ती 'पुस्तक' म्हणायची. "काय रे पुस्तक, जेवलास का?"

जुन्या मशीनमधला गॅस हवेत सोडला की वर जाऊन ओझोनचा थर खातो. तो सिलिंडरमध्ये ओढून घ्यायचा असतो. त्याला वेळ लागतो. बाकीचे नळी कापतात आणि मोकळे होतात. वहिनी कापू देत नसे.

"वहिनी, आभाळाची राखण तुमच्याकडेच दिलीय का?" दीर विचारायचा.

"हो. आणि किल्ली तुझ्या हातात द्यायची नाही, असंही सांगितलंय."

गेल्या महिन्यात त्याला रिकामा सिलिंडर सापडला नाही. त्याने एका मशीनमधला नव्या प्रकारचा गॅस वहिनीच्या जुन्या गॅसच्या सिलिंडरमध्येच ओढला. मिसळलेला गॅस पुन्हा शुद्ध होत नाही. असा ओढलेला गॅस जमा करून घेणाऱ्या संकलन केंद्राने सिलिंडर परत पाठवला. कित्येक महिन्यांची मेहनत मातीत गेली.

"गॅस तो गॅस," दीर म्हणाला.

"मग घरी दूध आणि रॉकेल एकाच पातेल्यात ठेव!"

 त्या दिवशी ती जेवली नाही.

मंगळवारी ती आईस्क्रीमच्या कारखान्यात होती. तिथल्या शीतखोलीचं जुनं मशीन काढायचं होतं. मी तिचा डबा घेऊन गेलो. मॅनेजर तिच्या डोक्यावर उभा होता. "बाई, नवं मशीन दारात आलंय. द्या ना सोडून, कोण बघतंय?"

"मी बघतेय," वहिनी म्हणाली.

अर्धा गॅस ओढून होईपर्यंत सिलिंडर तापला होता. तिने दोन्ही व्हॉल्व्ह बंद केले, सिलिंडर पाण्याच्या टबात ठेवला आणि थंड होईपर्यंत स्टुलावर बसली. भिंतीला डोकं टेकलं. उठली नाही.

डॉक्टर म्हणाले, हृदय. मॅनेजर म्हणाला, "मग आता हे कोण काढणार?" त्याचं हे वाक्य माझ्या कानातून जात नाही. निदान गप्प तरी बसायचं होतं.

दीर ढसाढसा रडला. ते रडणं खोटं नव्हतं. म्हणूनच आज सकाळी त्याने पिशवीत करवत टाकली तेव्हा माझ्या अंगाची आग झाली. मी त्याच्या मागोमाग कारखान्यात गेलो.

त्याने करवत नळीला लावली. मी नळी दोन्ही हातांनी धरली.

"पुस्तक, बाजूला हो. बोटं जातील."

"जाऊ देत. तुम्हाला ओढता येतो. ओढा."

"तुला काय कळतं यातलं?"

"काही नाही. तिला कळत होतं."

त्याने करवत फरशीवर आपटली आणि निघून गेला. मॅनेजर कुणाला तरी फोन करतोय. मी अजून नळी धरून उभा आहे. टबातलं पाणी केव्हाच गार झालंय. व्हॉल्व्ह तिने आवळले तसेच आहेत. अर्धा गॅस सिलिंडरमध्ये आहे, अर्धा मशीनमध्ये.