म्होरक्या नसलेला संप

सातवी पास माणूस मी. शिपाई म्हणून भरती झालो, सहायक फौजदार म्हणून सुटलो. नोकरीतल्या केसेस आता एकमेकींत मिसळतात. पण रिटायर झाल्यावर, तेही अमेरिकेत, हातात आलेली ही एक केस अजून जशीच्या तशी डोळ्यांपुढे उभी राहते. नावं कोणाची देणार नाही. ती सवय नोकरीतली.

आम्ही दोघं मुलाकडे टेक्सासात, प्लेनोला आलो आणि बायको इथंच गेली. मुलगा-सून दिवसभर कामात. भिंतींशी बोलण्यापेक्षा मी म्हाताऱ्यांच्या केंद्रात जातो. इथं गाडी न चालवणारा म्हातारा म्हणजे जामीन न मिळालेला आरोपी. केंद्राची व्हॅन नेते आणि आणते. मालक पुण्याचा, मुलाचा मित्र. ड्रायव्हर आफ्रिकेतले, कोणी नायजेरियाचा, कोणी घानाची, कोणी इथिओपियाचा.

एका सकाळी व्हॅन आल्याच नाहीत. मुलाने मीटिंग पुढे ढकलून मला केंद्रावर आणलं. मालक पार्किंगमध्ये घाम पुसत उभा. आदल्या दिवशी त्याने नायजेरियाच्या ड्रायव्हरला काढून टाकलं होतं. त्याला परत घ्या म्हणून बाकीच्यांनी चाव्या टेबलावर आणून ठेवल्या होत्या.

"काका, तुम्ही पोलिसात होता. यांचा लीडर कोण तेवढं शोधून द्या. त्याच्याशी बोललो की मॅटर क्लोज."

बरं वाटलं. बायको गेल्यापासून मला कोणी काम सांगितलं नव्हतं. आणि हे काम माझ्या हातचं. एमआयडीसीत संप झाला की आमची रीत ठरलेली. आधी म्होरक्या हेरायचा, त्याला गाडीत घालायचा, ठाण्यात चहा पाजत बसवून ठेवायचा. बाकीचे आपोआप पांगतात.

खबर दिली केंद्रातल्या नागपूरच्या काकूंनी. त्या शाळेत इंग्रजी शिकवायच्या. खिडकीजवळची खुर्ची त्यांची कायमची.

"हवालदारसाहेब, ते मागे झाडाखाली गोल करून बसलेत."

"मी सहायक फौजदार होतो."

"तेच ते. चला, दुभाषी लागेल तुम्हाला."

चहाचा थर्मास घेऊन गेलो. चौकशीत आधी चहा, मग प्रश्न. घोळक्यातला म्होरक्या ओळखायची एक खूण आहे. प्रश्न टाकला की उत्तराआधी सगळे ज्याच्याकडे बघतात, तो म्होरक्या. मी प्रश्न टाकला. सगळे सगळ्यांकडे बघायला लागले.

घानाची बाई म्हणाली, "आज मी बोलते. उद्या हा बोलेल."

"मग ठरवतं कोण?"

"सगळे."

"आणि सगळ्यांच्या वर कोण?"

"कोणी नाही."

"बघा," काकू म्हणाल्या, "साहेबच नाही यांना. तुम्ही सलाम कोणाला ठोकणार?"

नोकरीवरून काढलेला ड्रायव्हरही तिथंच होता. मग मी त्याच्यासमोर बसलो. हे कुठं शिकलात, विचारलं. तो सावकाश सांगत गेला, काकू मराठी करत गेल्या. त्याचा बाप लागोसच्या बंदरात हमाल. एका संपात पोलिसांनी पुढाऱ्याला उचललं आणि संप कोसळला. त्यानंतर बाप आणि त्याचे सोबती ज्या मंडळींत गेले, ती स्वतःला अराजकवादी म्हणायची. हा शब्द मी ऐकला होता तो बंदोबस्ताच्या सूचनांत. दगड मारणारे, बॉम्ब टाकणारे. तो हसला. म्हणाला, आमच्या गावाला कधी राजाच नव्हता. लोक झाडाखाली बसून वाद मिटवायचे. कामगारांनी तेच उचललं. बोलायला धाडलेल्याने फक्त सांगायचं. स्वतःच्या मनाने काही कबूल केलं, तर त्याच दिवशी त्याला खाली बसवायचं.

"तुझा बाप संप करायचा आणि मी संप मोडायचो," मी म्हणालो.

काकू थबकल्या. "हे सांगू?"

"सांगा."

ऐकून त्याने मांडीवर थाप मारली. "पापा, मग तुमच्यामुळेच आम्ही शहाणे झालो!"

मी शेवटचा प्रश्न विचारला. "तुला काढलं कशासाठी?"

त्याने नजर खाली वळवली. खोटं बोलणारा झटकन उत्तर देतो. दुसऱ्याला वाचवणारा खाली बघतो. हा बघत होता माझ्या बुटांकडे. बुटांना कालचा, गुरुवारचा, तळ्याकाठचा चिखल होता. केस तिथंच फुटली.

दर गुरुवारी परतताना तो माझ्यासाठी एका तळ्यापाशी व्हॅन थांबवायचा. बायको तिथल्या बदकांना मुरमुरे टाकायची. मी उतरायचो, सुनेने काय केलं, नातू काय बोलला, ते तिला सांगून परत यायचो. मुलाला सांगू नकोस, असं मी त्याला हातवारे करून बजावलं होतं. मुलगा लगेच डोक्याचा डॉक्टर शोधतो. मालकाच्या फोनवर व्हॅन थांबलेली दिसली. त्याने कारण विचारलं. ड्रायव्हरने नोकरी घालवली, पण कारण सांगितलं नाही.

मी केंद्रात येऊन सगळं सांगितलं. काकूंनी म्हाताऱ्यांना गोल बसवलं. एका आजोबांनी आधी अध्यक्ष निवडू म्हणताच त्यांना "बसा" म्हणून बसवलं. ठरलं असं: तो परत येईपर्यंत आपण दुसऱ्या कोणाच्या व्हॅनमध्ये चढायचं नाही. हे सांगायला मला धाडलं.

"फक्त सांगायचं," काकू म्हणाल्या. "फौजदारकी नाही."

मालकाच्या खोलीत मुलगाही बसला होता. बरं झालं, एकदाच बोलावं लागलं. "तो माझ्यासाठी थांबायचा. मी तुझ्या आईशी बोलायला उतरायचो."

"बाबा, मला सांगायचं ना."

"तुझी मीटिंग असते."

तो हसला आणि चष्मा पुसत बसला. मालक मऊ पडला. "सॉरी, काका. त्याला परत घेतो. तळ्याचा स्टॉपही रूटमध्ये टाकतो. फक्त त्याने एक माफी लिहून द्यावी. मिटलं?"

आयुष्यभर अशा वेळी पाठीवर थाप मारून मीच मिटवत आलो. या वेळी उठून दाराकडे निघालो.

"कुठे चाललात, काका?"

"विचारून येतो. मला अधिकार नाही."

झाडाखाली ठरलं, माफी नाही. केंद्रात म्हाताऱ्यांनीही तेच म्हटलं. मी परत जाऊन तेवढंच सांगितलं. मालकाने कपाळाला हात लावला आणि चाव्या ड्रायव्हरांच्या हातात दिल्या.

म्होरक्या उचलला की माणसं पांगतात, हे मी नोकरीत शिकलो. ती का पांगतात, हे कळायला मला टेक्सासात यावं लागलं. त्यांना कोणी कधी विचारलेलंच नसतं.

पुढच्या गुरुवारी व्हॅन तळ्यापाशी थांबली. मी उतरताना म्हटलं, "चला की सगळे, बदकं बघायला."

"आमचं ठरलंय," मागून काकू म्हणाल्या. "तुम्ही एकटे जा. सावकाश बोलून या. आम्ही थांबतो."