लेसरच्या काचेवरचं कुंकू

माझी आत्या, डॉ. माया तायडे. तिचं निम्मं आयुष्य धुरात गेलं असं आजोबा म्हणतात आणि लगेच जोडतात, "पण डोये नाई झोंबले तिचे कधी."

आजोबा म्हणजे किसनराव. अकोल्याच्या एका तेलगिरणीत त्यांनी बॉयलर सांभाळला. मान वर करून धुराड्याकडं पाहायचं, धूर काळा दिसला की हवा वाढवायची, एवढंच त्यांचं शास्त्र. एका हिवाळ्यात थंडी म्हणून शेडची दारं लावून घेतली होती, तर त्यांचा जोडीदार बसल्या जागी कलंडला. वाचला. आत्या तेव्हा सातवीत होती. तिनं विचारलं, धूर किती होता? आजोबा म्हणाले, "धूर नव्हताच ना बाप्पा." अर्धवट जळण्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. जो दिसत नाही तो मोजायचा कसा, हे तिच्या डोक्यात तेव्हा बसलं ते अजून उठलेलं नाही.

बीएस्सी अमरावतीत, पीएचडी मुंबईत, आणि मग परत अमरावतीच्याच एका कॉलेजात. मुंबई सोडून काहून आली, असं वलगावच्या नातेवाइकांनी एकेक करून विचारलं. तिनं सगळ्यांना एकच उत्तर दिलं, की बॉयलर इकडं आहेत.

तिचं काम असं. धुराड्याला समोरासमोर दोन काचा बसवायच्या. एकीतून लेसर सोडायचा, दुसरीतून बाहेर आलेला प्रकाश मोजायचा. वायूनं मधे जेवढा प्रकाश खाल्ला तेवढा वायू. अडचण एवढीच, की काजळीही प्रकाश खाते. काच काळी झाली की वायू वाढला असं भलतंच दिसतं. आत्यानं यावर अकरा वर्षं घालवली. तिचा लेसर एका जागी थांबत नाही, आपला रंग किंचित इकडं-तिकडं हलवत राहतो. वायू त्यातला ठरावीकच रंग खातो, काजळी सगळे रंग सारखेच खाते. त्या फरकातून वायू वेगळा काढता येतो. आत्या सांगते, वायू चवीनं जेवतो आणि काजळी दिसेल ते ओरपते.

कागदावर हे सगळ्यांना पटलं होतं. लेसर मात्र पुण्याच्या एका संस्थेनं तीन वर्षांसाठी दिलेला होता, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांचे अनुप सर अकोल्याला येऊन आजोबांच्याच जुन्या गिरणीतल्या खऱ्या बॉयलरवर चाचणी घेणार होते. आकडे जुळले तर लेसर राहणार. नाहीतर खोक्यात घालून पुण्याला, आणि अकरा वर्षं कागदावरच.

आत्यानं चार दिवस आधी काचा लख्ख पुसल्या, यंत्र जुळवलं आणि घरी आली. दसऱ्याला आम्ही सगळे नागपूरला, दीक्षाभूमीवर. आमच्याकडं खंडेनवमी नसते, त्यामुळं दसऱ्याच्या आदल्या दिवशी गिरणीत हत्यारांची पूजा होते हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

देवीदासच्या ध्यानात होतं. आजोबांनंतर बॉयलर त्याच्याकडं आला. त्यानं पान्यांना, खोऱ्याला, पंख्याला कुंकू लावलं, झेंडू वाहिला. लेसरपुढं आल्यावर कुठं लावावं याचा विचार केला, आणि कपाळ म्हणून काचेची जागा निवडली. चांगलं तेल कालवलेलं कुंकू, बोटभर.

चाचणीच्या दिवशी बॉयलर पेटला. कपाशीच्या पऱ्हाट्या दाबून केलेल्या कांड्या भराभर जळत होत्या. आत्यानं यंत्र सुरू केलं, तर प्रकाश तिसऱ्या हिश्शावर. ती काचेपाशी गेली आणि तिथंच उभी राहिली.

देवीदास मागून म्हणाला, "सगळ्याइले लावलं, म्याडम. तुमच्या मशीनलेच नाई लावलं त बरं दिसते काय?"

अनुप सरांनी चष्मा कपाळावर चढवला. ते एरवीही प्रत्येक वाक्याआधी 'असं बघा' म्हणतात. "असं बघा, ताई, काच पुसून घ्या. आपण तासाभरानं सुरू करू."

पुसायला आत्याला दोन मिनिटं लागली असती. देवीदासनं तर गळ्यातला दुपट्टा पुढं केलाच होता. तिनं त्याचा हात धरला.

"पुसू नका, देवीदासभाऊ." मग सरांकडं वळून म्हणाली, "काच घाण झाली तरी आकडा बदलत नाही, हेच तर मी सांगते आहे. असंच मोजू."

सरांनी आपली तपासणीची नळी धुराड्यात घातली. तिचा आकडा यायला वेळ लागला. तेवढ्यात आत्यानं आपला आकडा पाटीवर खडूनं लिहून ठेवला, धुराच्या दहा लाख भागांत कार्बन मोनॉक्साइड चारशे दहा. नळीचा आला चारशे पाच.

सरांनी देवीदासला विचारलं, कुंकू उरलंय का? ते उरलं होतं. देवीदासनं आत्याकडं पाहत भीतभीतच दुसरं बोट लावलं. प्रकाश अजून खाली गेला. आत्याचा आकडा चारशे आठ, नळीचा चारशे सहा.

लेसर अकोल्यातच आहे. सरांच्या अहवालात 'काचेवरील अडथळा' असा एक रकाना होता आणि तिथं काजळीची जाडी लिहायची होती. सरांनी पेन जरा हवेत धरलं आणि लिहिलं: कुंकू, दोन बोटं.

आजोबांनी तो कागद दोनदा वाचायला लावला. मग विचारलं, "चारशे म्हंजे हवा कमीच हाय ना माया? देवीदासले सांग, वाढव म्हना."