रेडिएटरमधलं मीठ

तापलेल्या लोखंडावर खारं पाणी उकळल्याचा वास आला की आजही माझं डोकं फिरतं. साठच्या दशकात, बेलापूरच्या खाडीकाठी, मी भंगारातून बिनटपाची, बिनइंजिनाची जुनी मोटार आणली. पावसाळ्यात बोटी काठाला ओढलेल्या, म्हणून माझ्या कोळी मित्राने बापाच्या बोटीचं इंजिन काढून मोटारीला बसवलं. महिनाभरातच गाडी भर रस्त्यात वाफ ओकत बंद पडली. रेडिएटर मिठाने गच्च भरला होता. “पाणी कुठलं भरत होतास?” मी ओरडलो. “खाडीचा. बोटीत हा इंजिन तोच पीत व्हता!” मी त्याच्या थोबाडीत दिली. दुसऱ्याच दिवशी त्याने इंजिन उतरवून नेलं. पुढे कितीतरी वर्षं ते रोज खाडीत धडधडायचं आणि माझ्या मोटारीत कोंबड्या अंडी घालायच्या. परवा तो मित्र वारला; त्याला स्मशानात पोचवायला सगळं गाव गेलं. मी गेलो नाही.